च-ची भाषा कशी शिकावी : नवशिक्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

मराठी घरांत मोठ्यांनी मुलांपासून आणि मुलांनी मोठ्यांपासून काही लपवून बोलायचे झाले, तर ‘च-ची भाषा’ वापरण्याची रीत जुनी आहे. ‘मला माहिती आहे’ याऐवजी ‘चलाम चाहितीम चाहेआ’ असे कानावर पडले, की ज्याला ही रीत ठाऊक नाही त्याला समोरचे लोक भलत्याच मुलखातले वाटतात. प्रत्यक्षात शब्द, त्यांचा क्रम, विभक्ती आणि क्रियापदे सगळी मराठीच असतात, फक्त प्रत्येक शब्दाच्या तोंडावर एक ‘च’ येऊन बसलेला असतो. ज्यांनी लहानपणी ही भाषा ऐकली पण बोलली नाही, किंवा ज्यांनी ती ऐकलीच नाही, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. उदाहरणे कोल्हापुरातील पेठांची, खाण्याची आणि तिथल्या बोलीची घेतली आहेत. दुसऱ्या गावच्या वाचकाने त्या जागी आपल्या गावची नावे घालावीत.

आरंभीच एक आग्रह नोंदवतो. ही भाषा कानाने शिकावी. वही घेऊन, शब्द लिहून, त्यांतील अक्षरे खोडून नवे शब्द तयार करणारा माणूस महिनाभरानेही वहीपुढेच बसलेला असतो, कारण मराठीत कागदावर दिसणारी अक्षरे आणि तोंडातून बाहेर पडणारी अक्षरे यांचा हिशोब जुळत नाही. पुढील सर्व पायऱ्या मोठ्याने बोलत, शक्य असल्यास जोडीदाराबरोबर कराव्यात.

दोन प्रकार : भर आणि अदलाबदल

शब्द झाकण्याच्या या खेळांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात शब्दाच्या प्रत्येक अक्षराला एक जादा अक्षर जोडतात, मूळ अक्षरांचा क्रम मात्र तसाच राहतो. त्याला आपण ‘भर’ म्हणू. दुसऱ्यात शब्दाचे पहिले व्यंजन उचलून शेवटी नेतात आणि मोकळ्या झालेल्या जागी ठरलेले अक्षर बसवतात, ही ‘अदलाबदल’. लेखाच्या सुरुवातीचे ‘चलाम चाहितीम चाहेआ’ हे अदलाबदलीचे उदाहरण आहे.

जगात दोन्ही प्रकारांची भावंडे आहेत. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतील मुले ‘हेरिगोन्सा’ नावाच्या खेळात प्रत्येक अक्षरानंतर ‘प’ आणि तोच स्वर पुन्हा घालतात, त्यामुळे ‘कासा’ म्हणजे घर या शब्दाचे ‘कापासापा’ होते. जपानी मुलांच्या ‘बाबिगो’त हेच काम ‘ब’ करतो आणि ‘सुशी’ची ‘सुबुशिबि’ होते. इंग्रजीतील ‘पिग लॅटिन’ मात्र आपल्या अदलाबदलीच्या जवळचे आहे, कारण तेथेही पहिले व्यंजन शब्दाच्या शेवटी जाते आणि त्यापुढे ‘ए’ लागतो. फ्रेंच ‘व्हेर्लां’ शब्दाची अक्षरेच मागेपुढे करते. आपल्याकडे बोलणे झाकण्याची हौस मुलांपुरती कधीच नव्हती. वात्स्यायनाने दिलेल्या 64 कलांच्या यादीत ‘म्लेच्छितविकल्प’ ही सांकेतिक बोलण्याची कला आहे, महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, आणि जनावरांच्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवण्याची पद्धत तर कोल्हापूर भागातील शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

पहिली पायरी : टाळी वाजवून अक्षरे तोडणे

खेळाचे एकक ‘बोललेले अक्षर’ हे आहे. ते ओळखण्यासाठी शब्द सावकाश उच्चारावा आणि आवाजाच्या प्रत्येक ठोक्याला एक टाळी वाजवावी. ‘रंकाळा’ला तीन टाळ्या पडतात : रं-का-ळा. ‘कोल्हापूर’ लिहिताना चार अक्षरे दिसतात, पण टाळ्या तीनच पडतात : को-ल्हा-पूर. शेवटच्या ‘र’मधला अ आपण उच्चारतच नाही, म्हणून तो ‘पू’ला चिकटतो. ‘पंचगंगा’चेही तसेच. कागदावर पं-च-गं-गा, तोंडात पंच-गं-गा.

नियम एवढाच, की ज्या अक्षरातला अ मुका आहे ते अक्षर आधीच्या अक्षरात धरावे. शब्दाच्या शेवटचे बिनकान्यामात्र्याचे अक्षर बहुधा मुके असते (पेठ, घर, ऊस), आणि मोठ्या शब्दांत मधलेही मुके होते. ‘मिरजकर तिकटी’ या नावावर हा नियम नीट घटवता येतो : मि-रज-कर तिक-टी. ‘भवानी मंडप’ भ-वा-नी मं-डप असा पडतो आणि ‘राजारामपुरी’ रा-जा-राम-पु-री असा. जोडाक्षर फोडू नये. ते जसे लिहितो तसे एकसंध पुढच्या टाळीत ठेवावे, म्हणजे ‘रस्सा’ र-स्सा आणि ‘लक्ष्मीपुरी’ ल-क्ष्मी-पु-री. अनुस्वार आधीच्या स्वराबरोबर राहतो. उच्चारशास्त्राचा जाणकार ‘रस्सा’ रस्-सा असा तोडील आणि तोच बरोबर असेल, पण खेळाच्या कामाला आपली सोय पुरते.

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण ती गाळतात आणि पुढे ‘मिसळ’पाशी अडकतात.

दुसरी पायरी : भर घालणे

आता प्रत्येक टाळीच्या आधी ‘च’ म्हणावा. ‘मी उद्या रंकाळ्यावर येतो’ हे वाक्य ‘चमी चउचद्या चरंचकाचळ्याचवर चयेचतो’ असे होते. पहिल्यांदा ते इतके सावकाश निघते की ऐकणाऱ्याला काही लपवले जात आहे असे वाटतच नाही. हरकत नाही. या पायरीचा उद्देश जिभेला टाळीची सवय लावणे हा आहे, आणि दहाबारा वाक्ये झाली की शब्द तोडण्यासाठी विचार करावा लागत नाही.

भर घालण्याच्या या साध्या रीतीने फारसे काही लपत नाही, हे मात्र ध्यानात घ्यावे. मूळ अक्षरे जागच्या जागी असल्याने लक्ष देऊन ऐकणारा माणूस दोनतीन वाक्यांत ‘च’ गाळून ऐकू लागतो. कोल्हापुरी माणसाच्या अगदी पायातला शब्द घेतला तर फजिती स्पष्ट दिसते : ‘चप्पल’ म्हणजे च-प्पल, त्याला भर घातली की ‘चच-चप्पल’, आणि लपवायचा शब्द अखंड बाहेर पडतो.

याहून दाट पडदा हवा असेल तर भर अक्षराच्या पोटात घालावी. ‘र्फ’ घेऊन हे करता येते. प्रत्येक टाळीतील व्यंजन आणि स्वर यांच्यामध्ये ‘र्फ’ शिरतो, म्हणजे ‘मी’चा ‘मर्फी’, ‘का’चा ‘कर्फा’, ‘तो’चा ‘तर्फो’, ‘वर’चा ‘वर्फर’. वरचेच वाक्य आता ‘मर्फी अर्फुद्यर्फा रर्फंकर्फाळ्यर्फावर्फर यर्फेतर्फो’ असे होईल. व्यंजन आणि त्याचा स्वर यांची ताटातूट झाल्यामुळे अनोळखी कानाला शब्दाचा आकारच सापडत नाही. ज्याला कमी कष्टांत जास्त गुप्तता हवी आहे त्याने माझ्या मते हीच रीत घ्यावी; नियम एक, अपवाद जवळजवळ नाहीत, आणि वेग आला की ती विलक्षण घाईची वाटते. तरीही खरी मजा पुढच्या पायरीत आहे.

तिसरी पायरी : अदलाबदल

येथे कृती तीन भागांची आहे. शब्दाचे पहिले व्यंजन काढावे, त्याचा स्वर जागेवर राहू देऊन त्यावर ‘च’ बसवावा, आणि काढलेले व्यंजन शब्दाच्या शेवटी लावावे. ‘पाणी’तला ‘प’ काढला की ‘आणी’ उरते, त्यावर ‘च’ बसला की ‘चाणी’, आणि शेवटी ‘प’ लागला की ‘चाणीप’. ‘गाडी’ची ‘चाडीग’ होते, ‘शाळा’ची ‘चाळाश’, ‘पुस्तक’चे ‘चुस्तकप’. भर घालताना प्रत्येक अक्षराला काम होते. येथे शब्दामागे एकदाच काम असल्याने बोलण्याचा वेग जवळपास नेहमीचाच राहतो, आणि म्हणूनच ही रीत घरोघरी टिकली असावी.

सरावाला नेहमीच्या तोंडातले छोटे तुकडे घ्यावेत. कोल्हापुरात त्यांची वाण नाही. ‘काय भावा’चे ‘चायक चावाभ’, ‘लई भारी’चे ‘चईल चारीभ’, ‘नाद खुळा’चे ‘चादन चुळाख’. मग पेठा घ्याव्यात : शिवाजी पेठ ‘चिवाजीश चेठप’, बुधवार पेठ ‘चुधवारब चेठप’, शुक्रवार पेठ ‘चुक्रवारश चेठप’. मंगळवार पेठेची ‘चंगळवारम चेठप’ होते आणि नवशिक्या तेथे हमखास हसतो. हसू येणे हा सरावातला अडथळाच आहे. ‘गूळ’ ‘चूळग’ होतो, ‘भाकरी’ ‘चाकरीभ’ होते, आणि अर्ध्या शब्दात ओळखीचा दुसराच शब्द ऐकू आल्याने बोलणारा थबकतो. असे शब्द मुद्दाम पुन्हा पुन्हा म्हणावेत, म्हणजे त्यांतली गंमत बोथट होते.

आता मुक्या ‘अ’कडे परत यावे लागेल, कारण तो येथे जागा होतो. ‘कोल्हापूर’चे ‘चोल्हापूरक’ होते. शेवटी आलेला ‘क’ आता मुका होतो आणि मूळ शब्दात मुका असलेला ‘र’ स्वरासह उच्चारावा लागतो, म्हणजे चो-ल्हा-पू-रक. ‘मिसळ’ आपण मि-सळ म्हणतो, परंतु ‘चिसळम’ हा शब्द चिस-ळम असा पडतो. जो ‘स’ स्वरासह होता तो मुका झाला आणि जो ‘ळ’ मुका होता त्याला कंठ फुटला. मराठी बोलणाऱ्याची जीभ हे आपोआप करते, मात्र अट अशी की त्याने शब्द बोलून तयार केलेला असावा. कागदावरून वाचणारा ‘चि-स-ळ-म’ अशी चार अक्षरे सुटी म्हणतो आणि तेथेच पकडला जातो.

अडचणीच्या जागा

शब्द स्वराने सुरू होत असेल तर काढायला व्यंजनच नसते. अशा वेळी ‘च’ त्या स्वराला लावावा आणि तोच स्वर शेवटी पुन्हा म्हणावा : आई ‘चाईआ’, उद्या ‘चुद्याउ’, ऊस ‘चूसऊ’, आहे ‘चाहेआ’. शेवटचा स्वर ओढल्यासारखा वाटतो म्हणून काही जण तो गाळतात. मी तसा सल्ला देणार नाही, कारण मग ‘आज’चे ‘चाज’ होईल आणि ‘जा’चेही ‘चाज’च होते, ‘आज’ला ‘चाजआ’ म्हटले तरच दोन्ही वेगळे राहतात.

शब्दाच्या आरंभीचे जोडाक्षर पूर्णच्या पूर्ण शेवटी न्यावे. ‘प्रवास’चा ‘चवासप्र’ होतो, ‘त्याला’चे ‘चालात्य’, ‘ज्योतिबा’चे ‘चोतिबाज्य’. म्ह, न्ह, ल्ह ही अक्षरे तर मराठीत एका श्वासाची आहेत, म्हणून ‘म्हणून’चे ‘चणूनम्ह’ करावे. त्यांतला ‘ह’ तेवढा मागे ठेवण्याचा प्रयत्न करू नये.

‘ह’ने सुरू होणारे शब्द थोडे दगा देतात. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘ह’ विरतो, त्यामुळे ‘हात’चे ‘चातह’ ऐकणाऱ्याला ‘चात’ असेच ऐकू येते. तेथे शेवटचा ‘ह’ स्वरासह, थोडा दम देऊन म्हणावा.

आणखी एक अडचण फक्त आपल्याकडची आहे. जोर देण्यासाठी मराठीत शब्दाला ‘च’ लागतोच, आणि ‘च’ने सुरू होणाऱ्या शब्दांची अदलाबदल केली की नेमके तेच होते : चहा ‘चहाच’, चपाती ‘चपातीच’, चला ‘चलाच’. लपवणे राहिले बाजूला, उलट शब्द अधिक ठासून सांगितला जातो. यावर सोपा उपाय असा, की ‘च’ने सुरू होणाऱ्या शब्दांपुरता ‘ट’ वापरायचा असे आधीच ठरवून घ्यावे, म्हणजे चहा ‘टहाच’ होतो आणि चप्पल ‘टप्पलच’.

‘की’, ‘ना’, ‘तर’, ‘ही’ असे लहान शब्द सुटे फिरवू नयेत. कोल्हापुरी बोलण्यात ‘की’ पावलोपावली येतो. ‘जाऊया की’ याचे सुटे रूपांतर केले तर ‘चाऊयाज चीक’ होते आणि ऐकणाऱ्याला खरवस आठवतो. ‘की’ आधीच्या शब्दाला जोडून ‘चाऊयाकीज’ म्हणावे. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये तर शब्दाचाच भाग आहेत, ती कधीच तोडू नयेत.

शेवटची अडचण जरा नाजूक आहे. दुसऱ्या पुरुषाच्या एकवचनी सर्वनामासारखे काही एकाक्षरी शब्द अदलाबदलीनंतर चारचौघांत उच्चारण्याजोगे राहत नाहीत. ते येथे लिहीत नाही. वाचकाने मनातल्या मनात करून पाहावे आणि मुलांना शिकवताना त्या जागी ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ वापरावे. ‘चुम्हीत’ आणि ‘चापणआ’ यांनी कोणाचेही कान तापत नाहीत.

‘च’ कोणता?

मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चाक’, ‘चोर’, ‘चूल’ यांतला दातांजवळचा, आणि ‘चहा’, ‘चार’, ‘चंद्र’ यांतला टाळूचा. लिपी एकच असल्याने नवशिका गोंधळतो आणि एकाच वाक्यात दोन्ही मिसळतो. माझी शिफारस अशी : अ, आ, उ, ऊ आणि ओ या स्वरांवर दातांजवळचा ‘च’ घ्यावा, म्हणजे ‘चलाम’मधला च ‘चमचा’तल्यासारखा, इ, ई आणि ए या स्वरांवर मात्र जीभ आपणहून टाळूकडे जाते (चिमणी, चेहरा), तेथे तिला जाऊ द्यावे. दोघांनी बोलायचे असेल तर हे एकसारखे ठरवून घेणे बरे.

बोलतो तेच फिरवावे

पुस्तकी वाक्य आधी मनात रचून मग ते फिरवण्याची चूक फार जण करतात. घरात ‘आहे’ऐवजी ‘हाय’ आणि ‘नाही’ऐवजी ‘न्हाई’ म्हणण्याची सवय असेल तर तेच शब्द घ्यावेत : ‘चायह’ आणि ‘चाईन्ह’. ‘कुठे’ म्हणत नसाल तर ‘चुठेक’ म्हणू नये. ‘कुठं’चे ‘चुठंक’ करावे. कोल्हापूरच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलतात, तेव्हा त्यांच्या तोंडी ‘चीम चालोआ’ आणि ‘चीम चातोज’ हेच शोभते. व्याकरणाच्या पुस्तकाला घाबरून ‘चालेआ’ करायला गेल्यास वेग मोडतो. बाहेरगावचा ऐकणारा शब्द उलगडूनही बोलणारा कोण याबाबत फसतो, हा वरचा फायदा.

चौथी पायरी : ऐकून उलगडणे

बोलणे आठवड्याभरात जमते, ऐकणे जमायला जास्त वेळ लागतो. कारण उघड आहे : शब्दाचे पहिले व्यंजन सर्वांत शेवटी कळते, तोपर्यंत बाकीचा शब्द ध्यानात धरून ठेवावा लागतो. ‘चाजारामपुरीर’ ऐकताना अखेरच्या ‘र’पर्यंत थांबावे लागते, मगच राजारामपुरी हाती येते. म्हणून उलगडण्याचा सराव दोन अक्षरी शब्दांपासून सुरू करावा आणि जोडीदाराने प्रत्येक शब्दानंतर किंचित थांबावे.

सुरुवातीला ऐकणाऱ्याने मोठ्याने उलट कृती करावी. शेवटचे व्यंजन पकडावे, ते पुढे आणून ‘च’च्या जागी ठेवावे, ‘च’चा स्वर त्याला द्यावा. ‘चिवाजीश’ : शेवटी श, ‘चि’चा स्वर इ, म्हणून शि, शिवाजी. काही दिवसांनी ही पायरी नकळत गळते आणि शब्द अखंड ऐकू येऊ लागतो. हे घडेपर्यंत बोलण्याचा वेग वाढवू नये.

प्रत्येक शब्द ‘च’ने सुरू होतो ही ऐकणाऱ्याची मोठी सोय आहे, कारण नवा शब्द कोठे सुरू झाला ते त्यावरून कळते. मात्र शब्दाच्या पोटातच ‘च’ असेल तर ही खूण फसवी ठरते. ‘वाचन’चे ‘चाचनव’ किंवा ‘पाचशे’चे ‘चाचशेप’ घाईत ऐकले की दोन शब्द असल्यासारखे वाटतात. अशा शब्दांपूर्वी बोलणाऱ्यानेच अर्धा क्षण थांबावे.

सरावासाठी चालता चालता दिसणाऱ्या पाट्यांसारखे साधन नाही. बिंदू चौकाकडून भवानी मंडपाकडे आणि पुढे खासबागेकडे जाताना एकाने पाटीवरचे नाव फिरवून म्हणावे आणि दुसऱ्याने ते उलगडावे : ‘चिंदूब टौकच’, ‘चवानीभ चंडपम’, ‘चासबागख’. केएमटीच्या बसमध्ये थांब्यांची नावे घ्यावीत, पन्हाळ्याला निघालात तर वाटेतल्या गावांची. मिसळीच्या दुकानात बसून ‘चांबडात चस्सार’ की ‘चांढराप’ असा वाद घालणाऱ्यांना ते मिसळीबरोबर मिळत नाही हे आधी उलगडून सांगावे लागेल, पण सराव चांगला होतो.

आपले स्वतःचे अक्षर निवडणे

‘च’ची रीत अनेकांना माहीत असल्यामुळे काही मंडळी आपल्या टोळीपुरते वेगळे अक्षर ठरवतात. निवडताना ते शब्दारंभी सहज उच्चारता येईल असे घ्यावे. ‘ळ’ कोणत्याही मराठी शब्दाच्या आरंभी येत नाही आणि ‘ण’चेही जवळपास तसेच, त्यामुळे त्यांनी सुरुवात करताना जीभ अडते. ‘य’ आणि ‘ह’ पुढच्या स्वरात विरघळतात. ट, प, ब ही अक्षरे ठसठशीत आहेत. त्यांपैकी ‘ट’ मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण ‘ट’ने सुरू होणारे मराठी शब्द तुलनेने कमी असल्याने ‘चहाच’सारखे घोटाळे क्वचित होतात. रोजच्या वारानुसार अक्षर बदलणेही शक्य आहे, पण मग बोलणाऱ्यांनाच कोणता वार ते विसरायला होते.

किती झाकले जाते आणि कोठे बोलू नये

हे कुलूप कच्चे आहे. ज्याला रीत माहीत आहे त्याच्यापुढे काहीच लपत नाही, आणि मराठी घरांत रीत माहीत असणारी एखादी आजी किंवा मावशी निघतेच. इंग्रजी शब्द आणि आकडे लवकर उघडे पडतात, कारण ‘चोबाईलम’ किंवा ‘चोटीपीओ’ ऐकून शेजारी बसलेला कोणीही ताडतो. बँकेचा आकडा, दागिन्यांची जागा, घराची किल्ली असल्या गोष्टी या भाषेत सांगणे म्हणजे त्या मराठीत सांगून वर लोकांचे लक्ष वेधणे होय. मुलांच्या वाढदिवसाची तयारी, पत्त्यांच्या डावातली थट्टा, बाजारात ‘भाव जास्त सांगतोय’ एवढे एकमेकांना सुचवणे, इतपतच तिचे क्षेत्र आहे.

शिष्टाचार एकच पाळावा. जो माणूस उपस्थित आहे, ज्याला ही रीत येत नाही आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे, त्याच्यासमोर ही भाषा वापरू नये. सासरी नुकत्याच आलेल्या सुनेसमोर किंवा वर्गातल्या नव्या मुलासमोर ती वापरली तर खेळ राहत नाही. त्यांना दहा मिनिटांत पहिली पायरी शिकवावी आणि मग बोलावे.

उलगडण्यासाठी एक संवाद

पुढील संवाद आधी मोठ्याने वाचावा, मग न लिहिता उलगडावा. दोन मित्र रस्त्यात भेटले आहेत.

‘चायक चावाभ, चुठंक चिघालायसन?’
‘चासबागख. चुस्तीक चघायलाब चातोज.’
‘चीम चेतोकीय.’
‘टलच, चणप चाकीटप चेऊनघ चेय.’

उत्तर असे : ‘काय भावा, कुठं निघालायस?’ ‘खासबाग. कुस्ती बघायला जातो.’ ‘मी येतो की.’ ‘चल, पण पाकीट घेऊन ये.’ तिसऱ्या ओळीत ‘की’ क्रियापदाला जोडला आहे आणि चौथ्या ओळीचा पहिला शब्द मुळात ‘च’ने सुरू होत असल्याने तेथे ‘ट’ आला आहे. या दोन जागी अडखळलेल्यांनी ‘अडचणीच्या जागा’ हा भाग पुन्हा एकदा मोठ्याने वाचून मग हाच संवाद ‘र्फ’च्या रीतीने बोलून पाहावा, पहिली ओळ ‘कर्फाय भर्फावर्फा, कर्फुठर्फं नर्फिघर्फालर्फायर्फस?’ अशी येईल.